सी भाषेत मराठी मजकुरातले शब्द वेगळे कसे काढायचे

सी शिकायला घेतली की एक स्वाध्याय हमखास समोर येतो: एक ओळ वाचा, तिच्यातले शब्द वेगळे करा, मोजा आणि छापा. पुस्तकातलं उत्तर इंग्रजी वाक्यावर बिनतक्रार चालतं. तेच मराठी वाक्याला लावलं की कधी ठीक चालतं, कधी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह असलेले चौकोन उमटतात, तर कधी प्रोग्राम मधेच कोसळतो. नवशिक्याला वाटतं, सी भाषेला मराठी जमत नाही. तसं नाही. मराठी मजकूर सी मध्ये अगदी व्यवस्थित हाताळता येतो, फक्त स्ट्रिंग म्हणजे नेमकं काय हे एकदा बाइटांच्या पातळीवर बघावं लागतं. ॲरे, लूप, फंक्शन आणि पॉइंटरची तोंडओळख असेल तर पुढचं सगळं समजेल.

फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

स्ट्रिंग म्हणजे शून्यापर्यंतचे बाइट

सी मध्ये स्ट्रिंग हा स्वतंत्र डेटा प्रकार नाही. मेमरीत एकापाठोपाठ ठेवलेले बाइट आणि त्यांच्या शेवटी शून्य किंमतीचा एक बाइट, एवढीच स्ट्रिंग. लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. बेल लॅब्समध्ये १९७२च्या सुमारास डेनिस रिची सी घडवत होते, तेव्हा सुरुवातीच्या एका जागेत लांबी साठवली तर स्ट्रिंगच्या आकारावर मर्यादा येते, म्हणून शेवटी खूण ठेवायची पद्धत कायम राहिली. त्याची किंमत आजही मोजावी लागते: शेवटचा शून्य हरवला तर स्ट्रलेन, प्रिंटएफ, स्ट्रटॉक यांपैकी कोणालाच कुठे थांबायचं ते कळत नाही आणि ती पुढची मेमरी वाचत सुटतात.

आता एक मराठी वाक्य घ्या: आई घरी आहे. पूर्णविराम सोडून द्या. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे कोड (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना दिलेले क्रमांक) बाइटांत साठवण्याच्या रीतीत, जतन केली असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्ह म्हणजे इथे युनिकोडचा एक कोड: घ हे एक चिन्ह, आणि री मध्ये र व दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हं. हिशोब असा होतो:

स्थान ० ते ५ : आई (२ चिन्हं, ६ बाइट)
स्थान ६ : मोकळी जागा, किंमत ३२
स्थान ७ ते १५ : घरी (३ चिन्हं, ९ बाइट)
स्थान १६ : मोकळी जागा
स्थान १७ ते २५ : आहे (३ चिन्हं, ९ बाइट)
स्थान २६ : शून्य

स्ट्रलेन इथे २६ सांगेल, आणि ठेवायला जागा २७ बाइटांची लागेल. हा एकचा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महाग पडतो. कॅर ॲरेला हे वाक्य देऊन त्याच फंक्शनमध्ये साइझऑफ विचारलं तर २७ मिळतात. मात्र तो ॲरे दुसऱ्या फंक्शनला पाठवला की तिथे फक्त पॉइंटर पोहोचतो, आणि ६४ बिटच्या मशीनवर साइझऑफ ८ सांगतं. म्हणून बफर दुसऱ्या फंक्शनला देताना त्याचा आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवायचा.

एक प्रयोग आत्ताच करून बघा. म हे अक्षर स्ट्रिंगमध्ये ठेवा आणि त्याचा एकेक बाइट पूर्णांक म्हणून छापा. घरच्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी संगणकावर −३२, −९२, −८२ असे आकडे दिसतील. खऱ्या किंमती आहेत २२४, १६४, १७४. तिथे साधा कॅर ऋण संख्याही धरतो, त्यामुळे १२७च्या पुढची किंमत २५६ने कमी होऊन ऋण दिसते. छापण्याआधी बाइटचं रूपांतर अनसाइन्ड कॅरमध्ये केलं की खरे आकडे दिसतात. ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही. इझस्पेस, इझपंक्ट अशा मोकळी जागा, विरामचिन्ह ओळखणाऱ्या फंक्शनांना ऋण बाइट दिला तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची डीबग आवृत्ती अशा वेळी प्रोग्राम थांबवून चूक दाखवते. या कुटुंबातलं कुठलंही फंक्शन वापरताना आधी अनसाइन्ड कॅरमध्ये रूपांतर करा, अपवाद न ठेवता.

ओळ वाचणे

गेट्स हे फंक्शन वापरू नका. त्याला बफरचा आकार सांगण्याची सोयच नाही. १९८८ साली इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या मॉरिस वर्म या घातक प्रोग्रामने जे मार्ग वापरले, त्यांतला एक म्हणजे फिंगर सेवेतल्या ५१२ बाइटांच्या बफरवर गेट्सने केलेलं वाचन. सी च्या २०११च्या मानकातून हे फंक्शन काढूनच टाकलं आहे, पण जुन्या नोट्समध्ये आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये ते अजून भेटतं. स्कॅनएफने शब्द वाचताना रुंदी न देणं हीसुद्धा तीच चूक आहे. ॲरे ५० चा असेल तर रुंदी ४९ द्या, कारण एक जागा शून्यासाठी लागते.

त्याऐवजी एफगेट्स वापरा. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: बफर, त्याचा आकार, आणि कुठून वाचायचं. आकार ८१ दिला तर ते जास्तीत जास्त ८० बाइट वाचतं आणि शेवटी शून्य लावतं. ओळीच्या शेवटचं नवी-ओळ चिन्ह, म्हणजे १० किंमतीचा बाइट, तेही बफरमध्ये येतं. तो काढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी लांबीतून एक वजा करून त्या स्थानी शून्य ठेवायला सांगतात. हा सल्ला दोन ठिकाणी दगा देतो. फाइलच्या शेवटच्या ओळीपुढे एंटर दिलेलं नसेल तर नवी-ओळ चिन्ह नसतंच, आणि तुम्ही शेवटच्या मराठी चिन्हाचा तिसरा बाइट खाता; ओळीच्या टोकाला तुटका चौकोन दिसतो. दुसरं, लांबी शून्य असेल तर शून्यातून एक वजा केल्यावर साइझ_टी (लांबीसाठीचा पूर्णांक प्रकार) मध्ये ऋण संख्या बसत नाही, ती १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होते आणि तुम्ही बफरच्या बाहेर लिहिता.

बरोबर पद्धत: स्ट्रसीस्पनला ओळ आणि ज्यात १३ व १० हे दोन बाइट आहेत अशी छोटी स्ट्रिंग द्या. त्यांपैकी पहिला बाइट कोणत्या स्थानी आहे ते तो सांगतो, आणि एकही नसेल तर शेवटच्या शून्याचं स्थान सांगतो. त्या स्थानी शून्य ठेवा. दोन्ही परिस्थितींत उत्तर बरोबर. १३ घ्यायचं कारण म्हणजे विंडोजवर केलेल्या फाइलमध्ये ओळ १३ आणि १० अशा जोडीने संपते. लिनक्सवर वाचताना तो १३ शिल्लक राहिला तर ओळीतला शेवटचा शब्द दिसायला बरोबर असतो, पण तुलनेत जुळत नाही.

ओळ बफरपेक्षा लांब असेल तर? ८० बाइटांत २६ चिन्हं, म्हणजे ७८ बाइट बसतात, आणि सत्ताविसाव्या चिन्हाचे दोनच बाइट येतात. मोकळ्या जागा एक-एक बाइटच्या असल्यामुळे नेमका तुकडा कुठे पडेल ते ओळीगणिक बदलतं, पण शब्द दोन वाचनांत विभागला जाण्याची भीती असतेच. वाचलेल्या तुकड्यात १० नाही आणि फाइलही संपलेली नाही, याचा अर्थ ओळ अर्धी आहे. लिनक्स आणि मॅकवर यासाठी गेटलाइन वापरावं. सुरुवातीला पॉइंटर नल आणि आकार शून्य ठेवून द्या, तो लागेल तेवढी जागा स्वतः वाढवतो आणि फाइल संपली की −१ देतो. सगळं झाल्यावर एकदाच फ्री करायचं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत गेटलाइन येत नाही. तिथे ४०९६ सारखा मोठा बफर घेऊन एफगेट्स आणि वरची तपासणी, हा साधा मार्ग पुरतो.

विंडोजवर जतन केलेल्या यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असू शकतात. ते दिसत नाहीत, पण पहिल्या शब्दाला चिकटतात. पहिली ओळ वाचल्यावर हे तीन बाइट तपासा आणि असतील तर पॉइंटर तीनने पुढे घ्या.

स्ट्रटॉक काय करतो

शब्द तोडण्यासाठी सगळीकडे आधी स्ट्रटॉक शिकवला जातो. पहिल्या वेळी त्याला ओळ आणि विभाजकांची, म्हणजे शब्द जिथे तोडायचे त्या चिन्हांची, स्ट्रिंग द्यायची, पुढच्या प्रत्येक वेळी ओळीच्या जागी नल. दरवेळी तो पुढच्या शब्दाचा पॉइंटर देतो, शब्द संपले की नल. वापरायला सोपा आहे, पण आत काय घडतं ते समजून घेतल्याशिवाय तो हातात घेऊ नये.

तो शब्द कापून वेगळा ठेवत नाही. विभाजकाच्या जागी शून्य लिहितो आणि शब्द जिथे आहे तिथलाच पत्ता देतो. आपल्या वाक्यात स्थान ६ आणि १६ वर ३२ होता, तिथे आता शून्य आहे. नंतर मूळ ओळीची लांबी विचारली तर उत्तर ६. मूळ ओळ पुन्हा लागणार असेल तर आधी तिची प्रत काढा.

ओळीत लिहिलं जात असल्यामुळे अवतरणचिन्हांत लिहिलेली स्ट्रिंग पॉइंटरला देऊन ती स्ट्रटॉकला पाठवता येत नाही. अशी स्ट्रिंग बहुधा फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत असते आणि लिनक्सवर लगेच सेगमेंटेशन फॉल्ट येतो. तीच स्ट्रिंग कॅर ॲरेत घेतली तर चालते, कारण ॲरे ही तुमची स्वतःची प्रत असते.

कुठपर्यंत पोहोचलो हे स्ट्रटॉक स्वतःच्या आत एकाच जागी लक्षात ठेवतो. बाहेरच्या लूपमध्ये परिच्छेदाच्या ओळी आणि आतल्या लूपमध्ये ओळीतले शब्द, दोन्हींसाठी तोच वापरला तर आतला लूप संपताना बाहेरची खूण पुसलेली असते. फक्त पहिल्या ओळीचे शब्द मिळतात आणि प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता शांतपणे संपतो. यासाठी स्ट्रटॉक_आर आहे. त्याला ही खूण ठेवायला तिसरा पॅरामीटर द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टकडे त्याच कामाच्या फंक्शनचं नाव स्ट्रटॉक_एस आहे.

आणि मराठीसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: विभाजकांची स्ट्रिंग स्ट्रटॉक अक्षरांचा संच म्हणून वाचत नाही, बाइटांचा संच म्हणून वाचतो.

दंड आणि वाकडी अवतरणचिन्हं

मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्या किंमती १२८ पेक्षा कमी आहेत. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ आखताना काळजी घेतली की एकाहून जास्त बाइटांच्या चिन्हात १२८ पेक्षा लहान बाइट कधीच येणार नाही. त्यामुळे मोकळ्या जागेवर तोडताना एकही मराठी अक्षर दुखावत नाही. नवशिक्याचा पहिला मराठी प्रयोग यशस्वी होतो तो यामुळेच.

मग अभंगांची किंवा ओव्यांची फाइल येते, आणि विभाजकांत दंड, म्हणजे चरणाच्या शेवटची उभी रेघ (।), घातला जातो. दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. म्हणजे एक दंड विभाजकांत टाकताच प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट विभाजक ठरतात. माती हा शब्द घेऊन बघा:

म : २२४ १६४ १७४
काना : २२४ १६४ १९०
त : २२४ १६४ १६४
दीर्घ वेलांटी : २२४ १६५ १२८

उरतात १७४, १९०, १२८ असे एकेक बाइटचे तीन तुकडे, ज्यांतला एकही अक्षर नाही. त तर पूर्ण नाहीसा झाला, कारण त्याचे तिन्ही बाइट संचात आहेत. थ चंही तेच होतं, त्याचा शेवटचा बाइट १६५ आहे.

दंडाचा गोंधळ निदान लगेच डोळ्यांत भरतो. वाकड्या अवतरणचिन्हांचा गोंधळ अधिक वाईट, कारण तो सगळे नाही, काही शब्दच बिघडवतो. सुरू होणारं दुहेरी अवतरणचिन्ह २२६, १२८, १५६ आहे आणि संपणारं २२६, १२८, १५७. यांतला १२८ हा दीर्घ वेलांटीचा तिसरा बाइट, १५६ हा ज चा आणि १५७ हा झ चा. ही चिन्हं विभाजकांत घातली तर घर, माणूस, पाऊस हे शब्द साबूत राहतात. जीवन या शब्दाचे मात्र दोन तुटके तुकडे पडतात आणि मागे वन असा भलताच, पण खरा वाटणारा शब्द उरतो. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये ही चूक कोणाच्या लक्षात न येता आकड्यांत मुरते.

उपाय सोपा आहे. १२८ पेक्षा मोठ्या बाइटांचं कुठलंही चिन्ह विभाजकांच्या यादीत घालायचं नाही. त्याऐवजी तोडण्याआधी एक फेरी मारायची: स्ट्रस्ट्र या फंक्शनने ते पूर्ण चिन्ह ओळीत शोधा, सापडलं की त्याच्या प्रत्येक बाइटच्या जागी ३२ लिहा, आणि तिथून पुढे पुन्हा शोधा. स्ट्रस्ट्र सगळे बाइट त्याच क्रमाने जुळतात का ते पाहतो. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाचा पहिला बाइट आणि आतले बाइट वेगळे ओळखू येतात, त्यामुळे जुळणी दुसऱ्या चिन्हाच्या पोटात होऊच शकत नाही. तीन बाइटांच्या जागी तीन मोकळ्या जागा आल्याने ओळीची लांबीही बदलत नाही.

मराठी मजकुरासाठी ही यादी बहुतेक वेळा पुरते:

दंड : २२४ १६५ १६४
दुहेरी दंड : २२४ १६५ १६५
एकेरी अवतरणचिन्हं : २२६ १२८ १५२ आणि २२६ १२८ १५३
दुहेरी अवतरणचिन्हं : २२६ १२८ १५६ आणि २२६ १२८ १५७
आखूड व लांब डॅश : २२६ १२८ १४७ आणि २२६ १२८ १४८
तीन टिंबांचं एकच चिन्ह : २२६ १२८ १६६
न तुटणारी मोकळी जागा : १९४ १६०

शेवटचं चिन्ह दोन बाइटांचं आहे आणि वेबपानावरून उचललेल्या मजकुरात भरपूर असतं. दिसतं मोकळ्या जागेसारखंच, म्हणून दोन शब्द एकच का मोजले गेले ते कळत नाही.

हे सगळं युनिकोड मजकुराला लागू आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये देवनागरीचे कोड नसतातच, इंग्रजी कळांचेच कोड असतात. तिथे ए हे अक्षर स्वल्पविरामाच्या किंमतीने साठवलेलं असतं. स्वल्पविरामावर तोडलं तर एक चे तुकडे पडतील. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच सी कडे या.

स्वतःचा शब्दतोड्या

स्ट्रटॉकपेक्षा हा मार्ग आधी शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. ओळीला हात लागत नाही, आत काही लपलेलं राहत नाही, आणि लिहायला सात-आठ ओळी लागतात. दोन फंक्शनं हवीत. स्ट्रस्पन सांगतो की या जागेपासून सलग किती बाइट संचातले आहेत. स्ट्रसीस्पन उलट सांगतो: सलग किती बाइट संचात नाहीत.

विभाजकांचा संच ३२, ९, १०, १३ आणि साधी विरामचिन्हं असा ठेवा. पॉइंटर प ओळीच्या सुरुवातीला ठेवा आणि लूप चालवा:

१. स्ट्रस्पनने विभाजकांची संख्या काढा आणि प तेवढा पुढे न्या.
२. प जिथे आहे तिथला बाइट शून्य असेल तर लूपमधून बाहेर पडा.
३. स्ट्रसीस्पनने शब्दाची लांबी ल काढा. शब्द म्हणजे प पासून ल बाइट.
४. शब्दाचं जे करायचं ते करा: मोजा, छापा, साठवा.
५. प मध्ये ल मिळवा आणि पहिल्या पायरीवर जा.

दुसरी पायरी पहिलीच्या नंतरच हवी. ती आधी ठेवली तर ओळीच्या शेवटी मोकळी जागा असताना शून्य लांबीचा एक जादा शब्द मोजला जातो. आपल्या वाक्यावर हाताने चालवा: प ०, ल ६, मग प ६, एक विभाजक ओलांडून ७, ल ९, मग १६, १७, ल ९, मग २६, शून्य, संपलं. तीन शब्द.

शब्दाच्या शेवटी शून्य नसल्यामुळे प्रिंटएफला नेहमीची खूण देऊन चालणार नाही, ते ओळीच्या अंतापर्यंत छापेल. टक्के, टिंब, तारका, एस अशी खूण द्या आणि तारकेसाठी ल ची किंमत इंट प्रकारात बदलून पाठवा. नुसता साइझ_टी पाठवला तर कंपायलर इशारा देतो, आणि तो इशारा खरा असतो.

कोणती विरामचिन्हं संचात घ्यायची हा प्रश्न भाषेचा आहे, सी चा नाही. पूर्णविराम घेतला तर इ.स. चे दोन शब्द होतात आणि ३.५ मोडतो; न घेतला तर वाक्याच्या शेवटच्या शब्दाला टिंब चिकटून राहतं. मधला मार्ग म्हणजे पूर्णविराम संचात न घेता शब्द मिळाल्यावर त्याच्या टोकाचं टिंब काढणं: ल शून्यापेक्षा मोठा आहे आणि शेवटचा बाइट ४६ आहे, तोवर ल एकने कमी करा. ल शून्यावर आला तर तो शब्द मोजू नका. पण पाचव्या पायरीसाठी मूळ ल वेगळा जपून ठेवा. आई-वडील एक शब्द धरायचा असेल तर साधी जोडरेघ संचाबाहेर ठेवा.

शब्द साठवताना

सापडलेल्या शब्दांचे पत्ते ॲरेत ठेवले आणि पुढची ओळ त्याच बफरमध्ये वाचली की सगळे पत्ते नव्या मजकुराकडे बोट दाखवू लागतात. फाइल संपल्यावर यादी छापली तर शेवटच्या ओळीचेच तुकडे पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून प्रत्येक शब्दाची प्रत काढावी लागते: मॅलॉकने ल अधिक १ बाइट मागा, नल तर आला नाही ना ते पहा, मेमसीपीवायने ल बाइट उतरवा, आणि ल या स्थानी शून्य ठेवा.

अधिक १ विसरल्यावर काय होतं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण ही चूक लगेच उघड होत नाही. ६४ बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक कमीत कमी २४ बाइट वापरायला देतो. सोलापूर या शब्दात ७ चिन्हं, २१ बाइट. मॅलॉकला २१ मागितले तरी २४ मिळतात, बाविसावा बाइट म्हणून शून्य निमूट बसतो आणि प्रोग्राम बरोबर आहे असं वाटतं. चंद्रपूर या शब्दात ८ चिन्हं, बरोबर २४ बाइट. आता शून्य पंचविसाव्या जागी पडतो, आणि तिथे मॅलॉकने पुढच्या तुकड्याचा आकार लिहून ठेवलेला असतो. तो बिघडतो. प्रोग्राम तिथे कोसळत नाही. बऱ्याच वेळाने, एखाद्या वेगळ्याच फ्रीवर कोसळतो, आणि माणूस चुकीच्या ठिकाणी चूक शोधत बसतो.

शब्द किती येणार हे माहीत नसतं, तेव्हा पॉइंटरांचा ॲरे १६ जागांनी सुरू करा आणि भरला की दुप्पट करा. रिॲलॉकचं उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये ठेवू नका. नल आला तर जुना पत्ता हरवतो. तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घेऊन तपासा, मग बदला.

प्रत काढायला स्ट्रएनकॉपी सुचवलं जातं. शब्द दिलेल्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर ते शेवटी शून्य लावत नाही, हे सांगायचं मात्र राहून जातं. ठरावीक आकाराच्या बफरमध्ये प्रत हवी असेल तर एसएनप्रिंटएफ बरं, ते शून्य नेहमी लावतं. पण तेही बाइटवर कापतं: १० बाइट आकार दिला तर ९ बाइट, म्हणजे ३ चिन्हं नीट येतात, ११ दिला तर चौथ्याचा एक बाइट लटकतो.

मधली जागा रिकामी असेल तेव्हा

स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदी हा वेगळा प्रकार आहे. सातारा,,४१५००१ या नोंदीत मधला रकाना मुद्दाम रिकामा आहे. स्ट्रटॉक आणि वरचा शब्दतोड्या दोघेही लागून आलेले विभाजक एकच धरतात, त्यामुळे पिनकोड दुसऱ्या रकान्यात सरकतो. इथे पहिली पायरी गाळायची: स्ट्रसीस्पनने रकान्याची लांबी काढा, शून्य असली तरी तो रकाना धरा, पुढचा बाइट शून्य असेल तर थांबा, नाहीतर नेमका एक बाइट पुढे जा. अवतरणचिन्हांत स्वल्पविराम येत असतील तर ही रीत पुरत नाही. तिथे अवतरणाच्या आत आहोत की बाहेर ही स्थिती धरून एकेक बाइट चालावं लागतं.

सारखे दिसणारे, पण वेगळे शब्द

वाऱ्यावर हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. कोणी ऱ, हलन्त, य असं लिहितं, कोणी र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखे, पण हा भाग एकात ९ बाइटांचा आणि दुसऱ्यात १२ चा. स्ट्रकम्प त्यांना वेगळे मानतो. ॲ सुद्धा एका चिन्हाने ३ बाइटांत येतो किंवा अ आणि अर्धचंद्र मिळून ६ बाइटांत. शब्द मोजायचे असतील तर साठवण्याआधी एकच रूप ठरवा आणि दुसरं सापडलं की बदला. नवं रूप आखूड आहे, तेव्हा उरलेले बाइट मेममूव्हने डावीकडे सरकवा, शेवटच्या शून्यासकट. न दिसणारं जोडचिन्ह २२६ १२८ १४१ आहे. ते शब्दाच्या आत असतं, म्हणून आधीच्या यादीत घालून त्याची मोकळी जागा करू नका.

शब्दातली चिन्हं मोजायला प्रत्येक बाइटवर १९२ सोबत बिटवाइज अँड करा आणि उत्तर १२८ नसेल तेव्हाच मोजा. चंद्रपूर साठी ८ मिळतील. वाचणारा ज्याला अक्षरं म्हणतो ती चारच आहेत. ती अचूक हवी असतील तर आयसीयू ही लायब्ररी वापरावी लागते. याच कारणाने प्रिंटएफला रुंदी २० देऊन मराठी रकाने सरळ रेषेत येत नाहीत, तो बाइट मोजतो.

चाचणी

जीसीसी किंवा क्लँगने कंपाइल करताना सगळे इशारे चालू ठेवा आणि मेमरीच्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरचा पर्याय द्या. चंद्रपूरची वरची चूक मग पहिल्याच फटक्यात हीप-बफर-ओव्हरफ्लो या नावाने, ओळ क्रमांकासह समोर येते. विंडोजच्या कमांड खिडकीत मराठी नीट दिसत नसेल तर कोड पेज ६५००१ करा. तरीही जोडाक्षरं विस्कटली तर उत्तर फाइलमध्ये लिहून एडिटरमध्ये उघडा, दोष छापणाऱ्या खिडकीचा असू शकतो.

मग या ओळी एकेक करून द्या. पूर्ण रिकामी ओळ: शब्द ०. फक्त तीन मोकळ्या जागा: ०. पुढे-मागे मोकळ्या जागा असलेलं आई घरी आहे: ३. एकच शब्द, शेवटी एंटर नाही: १, आणि शेवटचं चिन्ह साबूत. वाकड्या अवतरणचिन्हांतलं जीवन: १, आणि लांबी १२ बाइट. माती आणि तिला चिकटून दंड: १, लांबी १२. बफरपेक्षा लांब ओळ, जिच्यातले शब्द हाताने मोजलेले आहेत: तेवढेच. आणि विंडोजवर जतन केलेली फाइल, जिच्या पहिल्या शब्दाची लांबी बाइटांत छापून बघायची; ती अपेक्षेपेक्षा ३ ने जास्त आली तर सुरुवातीचे २३९, १८७, १९१ काढायचे राहिले आहेत.